खालच्या खुणेची माती

अनुपमा खांबे आपलं काम कुणाला समजावून सांगायला गेली, की ऐकणारा मध्येच दुसरं काहीतरी विचारायचा. एसटीतली शेजारीण विचारायची, बर्फाच्या डब्यात मासळी आहे का. घरमालकीण विचारायची, मातीत असं काय सापडतं. भाऊ राहुल डोंबिवलीहून फोन करायचा आणि विचारायचा, पर्मनंट कधी होणार. पुढे पुढे तिने सांगणंच सोडून दिलं. ‘लॅबमध्ये आहे’ एवढं म्हणायची आणि गप्प बसायची.

काम सांगण्यासारखं होतं, हे मात्र तिला मनातून वाटायचं. जिवंत मातीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, फॉस्फटेज नावाचं. झाडांची मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव ते बाहेर सोडतात आणि पाल्यापाचोळ्यात अडकून पडलेला फॉस्फरस त्याच्या जोरावर मोकळा करून घेतात. माती किती जागी आहे हे त्यावरून कळतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्यापुढे एक बनावट घास ठेवायचा. हा घास म्हणजे पांढरी पावडर, तिला लॅबमध्ये सब्स्ट्रेट म्हणत. ती स्वतः अंधारी असते. विकराने तिला चिकटलेला फॉस्फेट तोडला, की उरलेला भाग अतिनील उजेडात निळा चमकायला लागतो. जितकं विकर जास्त, तितकी निळाई जास्त. ती मोजायला एक यंत्र होतं आणि ते यंत्र चालवायला अनुपमा होती.

महाडच्या एका कॉलेजच्या मागच्या बाजूला, जुन्या भांडारघराला काळे पडदे लावून ही लॅब केली होती. प्रकल्प पुण्याच्या एका संस्थेचा. तिथल्या साक्षी मॅडम त्याच्या प्रमुख, अनुपमापेक्षा वयाने बऱ्याच लहान, बोलायला चांगल्या. सुरुवातीला दीप्ती नावाची एक मुलगी मदतीला होती. ती लग्न ठरल्यावर सोडून गेली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. तेव्हापासून त्या अंधाऱ्या खोलीत अनुपमा, डीप फ्रीझर आणि यंत्राचा बारीक घरघराट. कधीकधी सकाळी घरमालकिणीशी दोन शब्द बोललेली ती संध्याकाळी भाजीवाल्याशीच पुन्हा तोंड उघडायची, आणि तेव्हा आपलाच आवाज तिला घोगरा वाटायचा.

ती महाडचीच. भीमनगरात वाढली, मुंबईला जाऊन जीवरसायनशास्त्रात एमएस्सी झाली आणि आई आजारी पडल्यावर परत आली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत तपासणी विभागात तिला नोकरी लागली. आई गेली, मग वडिलांना अर्धांगवायू झाला. लग्नाची बोलणी दोनदा आली आणि दोन्ही वेळा ‘वडिलांचं काय’ या प्रश्नाशी थांबली. एकवीस सालच्या जुलैत सावित्रीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा शेजारच्यांनी वडिलांना खुर्चीसकट माळ्यावर चढवलं. त्यानंतर कंपनीने आपला विभाग गुजरातला हलवला. अनुपमाला बोलावलं होतं. ती गेली नाही. त्याच हिवाळ्यात वडील वारले. आता तिला कुठेही जायला हरकत नव्हती, पण जातेस का, असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

ज्या पावसात महाड बुडालं, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केतकीच्या वाडीवर डोंगर खाली आला होता. निम्मी वाडी त्याखाली गेली. हिरव्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत लाल पट्टा उमटला. तिथे वरची माती निघून गेली होती, उरला होता मुरूम आणि खडक. अशी सोललेली जमीन पुन्हा जिवंत कशी होते, किती वेगाने होते, हे साक्षी मॅडमना पाहायचं होतं. त्यासाठी वरच्या जंगलात, पट्ट्याच्या कडेला आणि पट्ट्याच्या आत लोखंडी खुंट्या ठोकून त्यांना लाल फिती बांधल्या होत्या. अनुपमाने पोलादपूरला एसटीने उतरायचं, तिथून टमटम करून वाडीच्या पायथ्याशी जायचं, प्रत्येक खुणेजवळची माती पिशवीत भरून बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि तसंच मागे यायचं.

बनुबाई तिला पहिल्यांदा दिसली ती पट्ट्याच्या पायथ्याशी, गोठ्याच्या दारात. वाडीतली वाचलेली माणसं रस्त्याकडेला बांधलेल्या नव्या घरांत राहायला गेली होती. बनुबाईलाही घर मिळालं होतं. तिने त्याला कुलूप लावलं आणि एका म्हशीला घेऊन ती गोठ्यातच राहिली. डोंगर आला त्या रात्री म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती खाली गोठ्यात झोपायला आली होती आणि म्हणून वाचली होती. घरात मुलगा जानू, सून आणि नात होती. सून आणि नात सापडल्या. जानू सापडला नाही.

हे तिने एकदम सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तिने एवढंच विचारलं, की खुंट्या सरकारच्या का. अनुपमा म्हणाली, सरकारच्या नाहीत, महाडच्या कॉलेजच्या आहेत. मग म्हातारीने विचारलं, महाडची म्हणजे महाडात कुठली. अनुपमाने भीमनगर म्हणून सांगितलं. बनुबाई जरा थांबली, आत गेली. चहा बाहेर पायरीवर आला, कान तुटलेल्या कपात. असा वेगळा कप अनुपमाने याआधीही पाहिला होता. तिने चहा प्यायला, कप पिंपातल्या पाण्याने धुतला, पायरीवर पालथा घातला आणि डबा उचलून निघाली. पुढच्या खेपेला चहा नाही म्हणायचं असं तिने टमटममध्ये ठरवलं. पण पुढच्या खेपेला म्हातारी वाटेतच उभी होती. ‘आलीस गो?’ एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. ‘आलीस गो’ असं म्हणणारं महाडात कुणी नव्हतं. अनुपमा मागोमाग गेली आणि तोच कप तिने पुन्हा हातात घेतला.

पहिलं वर्ष आकड्यांनी काही नवं सांगितलं नाही. जंगलातली माती यंत्रात निळी पेटायची, कडेची अर्धवट, आणि पट्ट्यातली जवळजवळ अंधारीच राहायची. दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर मात्र खालच्या खुणेची माती एकदम चमकली. ही खूण पट्ट्याच्या अगदी तळाशी होती, गोठ्यापासून थोडी वर.

अनुपमाला आधी सब्स्ट्रेटचाच संशय आला. पावसाळ्यात वीज सारखी जायची. फ्रीझर तापला असेल, पावडर आपोआप तुटली असेल, तर मातीत काही नसलं तरी चमक येते. तिने माती न घालता नुसता सब्स्ट्रेट तपासला. तो अंधारा होता. नवी कुपी फोडली. मातीचा थोडा भाग वाफेवर उकळून त्यातलं विकर मारलं आणि तो लावून पाहिला. त्यात चमक नव्हती. न उकळलेल्या मातीत होती. चूक कुठेच सापडत नव्हती. खालच्या खुणेची माती खरोखर जागी झाली होती.

काळ्या पडद्यांआड त्या खोलीत ती यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. वडील गेल्यापासून असं हलकं तिला वाटलं नव्हतं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून तिने राहुलला फोन लावला. तो गाडी चालवत होता. बरं झालं, म्हणाला, संध्याकाळी करतो. संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. साक्षी मॅडम मात्र फोनवर हसल्या, दोनदा ‘खरंच?’ म्हणाल्या. दरडीनंतर माती इतक्या लवकर सावरते असं दिसलं तर ते छापण्यासारखं होतं. त्यांनी सांगितलं, त्या खुणेच्या आजूबाजूचीही माती आणा.

म्हणून अनुपमा नेहमीच्या वाराची वाट न बघता गेली. बनुबाईला ती येणार हे माहीत नव्हतं. सकाळचं धुकं अजून डोंगराला चिकटून होतं. अनुपमा जंगलातल्या पायवाटेने वरच्या अंगाला आली आणि तिथून तिला खाली म्हातारी दिसली. डोक्यावर पाटी घेऊन ती पट्टा चढत होती. दगडावर पाय ठेवायची, थांबायची, गुडघ्याला हात लावायची, पुन्हा चढायची. खालच्या खुणेशी येऊन तिने पाटी उतरवली, त्यातली काळी माती ओतली आणि खाली बसून दोन्ही हातांनी ती पसरत राहिली, सारवल्यासारखी. खुंटी मध्ये येत होती, तिच्याभोवतीची माती तिने बोटांनी हलकेच बाजूला केली.

अनुपमा उतरून आली तेव्हा म्हातारी चपापली. तिला पहिल्यांदा वाटलं, ही रागावणार.

“तुझी खूण मोडली नाय मी,” ती म्हणाली.

अनुपमाने विचारलं, “आजी, ही माती कुठली?”

“खालच्या वाफ्यातली. जानू नाचणीची रोपं करायचा तिथली. थोडं शेणखत हाय.” ती पसरलेल्या मातीवरून हात फिरवत होती. “हितं चूल होती आमची. त्या अंगाला जानूचं अंथरूण. त्याचं अंग गावलं नाय गो. म्हंजे हितंच हाय ना तो? अन् वर बघ कसा दगूड उघडा पडलाय. पांघरूण काढून घेतल्यागत. मला बघवत नाय.”

अनुपमा तिच्याजवळ खाली बसली. तिने पिशव्या बाहेर काढल्याच नाहीत. म्हातारी त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून रोज नाही, पण जमेल तेव्हा अशी पाटी आणत आली होती. कुणाला बोलली नव्हती. वाडीतल्या लोकांना कळलं तर वेड लागलं म्हणतील आणि नव्या घरात नेऊन ठेवतील, ही तिला भीती होती. अनुपमालाही तिने सांगितलं ते सापडली म्हणून.

परतीच्या गाडीत अनुपमाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती काही बोलली नाही तर कुणाला कळणार नव्हतं. आकडे खरे होते. पुण्याहून इथे वर चढून कुणी बघायला येणार नव्हतं. साक्षी मॅडमचं हसणं तिला आठवत होतं. आपल्या कामामुळे कुणी असं आनंदाने हसल्याला किती वर्षं झाली होती. पोलादपूर मागे पडलं, सावित्रीचं पात्र दिसायला लागलं, तोवर तिने फोन काढून तीन वेळा आत ठेवला होता. महाड स्टँडवर उतरल्यावर बाकावर बसून तिने फोन लावला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्या खुणेचे आकडे काढून टाकावे लागतील. त्या चिडल्या नव्हत्या. आवाज मात्र बसला होता. मग त्यांनी विचारलं, की त्या बाईंना समजावून सांगता येईल का, प्रकल्प संपेपर्यंत तिथे माती टाकू नका म्हणून.

“ते मी त्यांना सांगणार नाही, मॅडम,” अनुपमा म्हणाली. “आपण खुंटी हलवू.”

मॅडमनी ते मान्य केलं. नवी खूण पट्ट्यात थोडी वर घेतली. तिथली माती अंधारीच होती आणि शेवटपर्यंत अंधारी राहिली. निष्कर्ष साधा निघाला, की इतक्या थोड्या काळात फारसं काही बदललेलं नाही.

जुन्या जागेची चिमूटभर माती अनुपमा तरीही आणायची, आणि उरलासुरला सब्स्ट्रेट वापरून ती बघायची. त्याचा कशालाही उपयोग नव्हता. एकदा बनुबाईने विचारलं, माझ्या मातीचं काय गो? जागी आहे, अनुपमा म्हणाली. म्हातारीला ते नीट उमगलं नाही. जागी म्हणजे कशी, कुणी बघितली? तेव्हा अनुपमाने ठरवलं, की दाखवायचंच.

पुढच्या खेपेला तिने दोन काचेच्या नळ्या, बर्फात ठेवलेली सब्स्ट्रेटची कुपी आणि बाजारात नोटा तपासायला मिळते तशी छोटी जांभळी बॅटरी बरोबर नेली. भरदुपारी गोठ्याचं दार लावून घेतलं, फटींना गोणपाट लावलं. म्हैस रवंथ करत होती. एका नळीत तिने पट्ट्यातला मुरूम घातला, दुसरीत बनुबाईच्या जागेची माती, दोन्हींत सब्स्ट्रेटचं पाणी. मग दोघी चुलीशी बसून राहिल्या. थांबावं लागतं, एवढंच अनुपमा म्हणाली. म्हातारीने चहा ठेवला. त्या दिवशी तिने दोन सारखे स्टीलचे पेले घेतले. अनुपमाने ते पाहिलं.

गाळ खाली बसल्यावर चमक खुलावी म्हणून तिने दोन्ही नळ्यांत धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एकेक थेंब टाकला आणि बॅटरी लावली. पहिली नळी तशीच राहिली, गढूळ, काळपट. दुसरी निळी झाली. गोठ्याच्या अंधारात ती निळाई बनुबाईच्या बोटांवर, पातळाच्या काठावर पडली. म्हातारीने नळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली.

“ह्यो जानू हाय?” तिने विचारलं.

अनुपमाला हो म्हणता आलं असतं. ते किती सोपं झालं असतं, हे तिला पुढे अनेकदा वाटलं.

“नाही, आजी,” ती म्हणाली. “मुळांचं आहे ते, मातीतल्या जिवांचं. तुम्ही पाटीतून आणलेत ते जीव.”

बनुबाईने मान हलवली. पुन्हा नळीकडे पाहिलं. “म्हंजे मी आणली नाय तर इझेल.”

“हळूहळू कमी होईल. पण तिथे गवत धरलं, मुळं उतरली, तर राहील.”

म्हातारीने नळी परत दिली. गोणपाट काढलं, दार उघडलं. बाहेरच्या उजेडाने दोघींचे डोळे दिपले. अनुपमा सामान आवरत होती, तेव्हा ती मागून म्हणाली, “घरी कोण असतं गो तुझ्या?” कुणी नाही, अनुपमा म्हणाली. बनुबाईने यावर हळहळ केली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. “मला वाटलंच,” एवढं म्हणाली आणि वाफ्यातल्या दोन काकड्या तिने अनुपमाच्या डब्यात, बर्फावर ठेवल्या.

त्या उन्हाळ्यात प्रकल्प संपला. यंत्र पुण्याला गेलं, काळे पडदे उतरले, कॉलेजने खोली परत घेतली. अनुपमाला एमआयडीसीत पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं. तिथे माणसं होती, डबे एकत्र उघडत, पण सगळी तिच्यापेक्षा लहान. ती आली की गप्पा जरा सावरून बसत. नवीन काम, पावसाळा, मग एक लांबलेलं आजारपण, यांत पोलादपूरला जाणं राहून गेलं. आता तिकडे जायला काही कारणही उरलं नव्हतं, आणि विनाकारण कुणाकडे जायची तिला सवय नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती गेली. गोठ्याला कुलूप होतं. म्हैस नव्हती, शेणाचा वासही नव्हता. रस्त्याकडेच्या नव्या घरांत सोनाबाई म्हणून वाडीतली एक बाई होती. तिने सांगितलं, म्हातारी श्रावणात पट्ट्यावर पडली, खुब्याचं हाड मोडलं. दिवसभर तिथेच पडून होती, गुराख्याने पाहिली. दिराचा मुलगा येऊन तिला नालासोपाऱ्याला घेऊन गेला. आता परत यायची नाय, सोनाबाई म्हणाली, चौथ्या मजल्यावर ऱ्हाते, जिना उतरवत नाय.

अनुपमा पट्टा चढून खालच्या खुणेपाशी गेली. म्हातारी दिवसभर पडून राहिली ती जागा हीच असणार. पावसाने पसरलेल्या मातीपैकी बरीचशी धुऊन नेली होती. उरलेल्या तुकड्यावर गवत होतं, मध्ये घाणेरीचं एक झुडूप. ते जिवंत किती, हे सांगायला तिच्याजवळ आता काही नव्हतं. ती एका दगडावर बसली. खाली दूर महामार्गावरून कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता. निळाई कमी होईल हे खरं आपण तेव्हा बोललो नसतो तर म्हातारीने पावसात पाटी उचलली नसती का, हा विचार तिच्या मनात आला. ऊन कलायला लागलं तशी ती उठली. सोनाबाईकडून तिने पुतण्याचा नंबर घेतला होता.

फोन तिने पुढच्या रविवारी लावला. पुतण्याच्या बायकोने उचलला, कोण, कुठून, असं दोनदा विचारलं आणि मग आत नेऊन म्हातारीला दिला. मागे टीव्ही चालू होता.

“आजी, मी अनुपमा. महाडची.”

“आलीस गो,” बनुबाई म्हणाली. फोनवर आणखी काय म्हणायचं हे तिला सुचलं नसावं. मग तिने विचारलं, गेलती काय तिथं? अनुपमाने होय म्हटलं. गवत आलंय, म्हणाली. माती बरीच वाहून गेली हेही सांगितलं. पलीकडे नुसता टीव्ही ऐकू येत राहिला.

“मला म्हाईत हाय,” बनुबाई शेवटी म्हणाली. “मी पडले व्हते ना, तवाच वाहात व्हती. मी बघत व्हते.” आणि जरा थांबून, “तू जेवलीस?”

अनुपमा म्हणाली, अजून नाही. काय केलंस, म्हातारीने विचारलं. काहीच केलं नव्हतं. ते बनुबाईला आवडलं नाही. भात तरी टाक, म्हणाली, मी धरते फोन. अनुपमाने फोन ओट्यावर उभा केला आणि तांदूळ निवडायला घेतले. पलीकडून मालिकेतलं भांडण ऐकू येत होतं, मध्येच म्हातारीचं खोकणं. कुकरची पहिली शिट्टी झाली, तेव्हा पुतण्याच्या बायकोने येऊन फोन मागितला.